मदत हवी आहे: लबोव यांच्या पाहणीतलं वयाचं कोडं

नमस्कार मंडळी,

एम.ए.ला समाजभाषाविज्ञानाचा पेपर आहे. विल्यम लबोव यांच्या न्यूयॉर्कमधल्या पाहणीवर टिपण लिहितेय आणि एका जागी गाडं अडलंय.

१९६२ साली लबोव तीन दुकानांत फिरले: उंची साक्स, मधलं मेसीज आणि स्वस्तातलं एस. क्लाइन. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे, असं ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारत. उत्तर अर्थातच 'फोर्थ फ्लोर'. मग नीट ऐकू आलं नाही असं दाखवायचं, की समोरचा तेच जास्त जपून म्हणतो. स्वरानंतरचा 'र' उच्चारला की गिळला, एवढंच टिपायचं. किती साधी आणि हुशार युक्ती! २६४ जणांपैकी थोडातरी 'र' उच्चारणारे साक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये जेमतेम २०.

इथवर कळतं. पूर्वी तिथे 'र' गिळणं प्रतिष्ठेचं होतं, दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. साक्समध्ये तरुणांचा 'र' जास्त, हेही त्याच्याशी जुळतं. पण मेसीजमध्ये नेमकं उलट, तिथे वयस्कर पुढे! माणसाचा उच्चार तरुणपणीच पक्का होतो, म्हणून वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच वेळी ऐकली की भाषेतला बदल दिसतो, असं आम्हाला शिकवलंय. मेसीजच्या लोकांनी चाळिशीनंतर उच्चार बदलला असेल, तर या गृहीतकाचं काय करायचं? तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतील. जाणकारांनी कृपया समजावून सांगावं.

प्रतिसाद १:
ताई, शंका रास्त आहे. ते गृहीतक नकळत होणाऱ्या बदलांना, सहज बोलण्याला चांगलं लागू पडतं. न्यूयॉर्कचा 'र' वरच्या वर्गाकडून आलेला, लोकांना जाणवणारा बदल. लबोव यांचं म्हणणं असं, की कनिष्ठ मध्यमवर्गातली माणसं मध्यमवयातसुद्धा वरच्या वर्गातल्या तरुणांचा उच्चार उचलतात. मेसीजमध्ये तेच दिसतं.

खात्री करायची तर काही वर्षांनी पुन्हा मोजायला हवं. ते काम जॉय फाउलर यांनी १९८६ मध्ये केलं. क्लाइन तोवर बंद पडलं होतं, म्हणून त्याऐवजी दुसरं स्वस्त दुकान घेतलं. 'र' एकूणात थोडाच वाढलेला निघाला आणि मेसीजमध्ये वयस्कर तेव्हाही पुढेच होते. म्हणजे शहराचा उच्चार हळूहळू बदलतोय आणि त्याच वेळी मेसीजमध्ये दर पिढी वय वाढल्यावर 'र'कडे वळतेय. टिपणात दोन्ही पाहण्यांचे वयानुसार आकडे शेजारी-शेजारी मांडा, परीक्षकांना तिथूनच उत्तर देता येईल.

प्रतिसाद २ (धागाकर्ती):
खूप आभार! फाउलर यांची पाहणी आमच्या नोट्समध्ये नव्हतीच. क्लाइनमध्ये वयानुसार ठळक क्रम का दिसत नाही, यावरही कुणी लिहाल का?