विषय: इथला शॉवर पुण्यात चालेल का?

मंडळी,
कॅलिफोर्नियात मिळतो तो मिनिटाला १.८ गॅलनचा शॉवर पुण्याच्या फ्लॅटमध्ये लावायचा आहे. सर्वांत वरचा मजला, गच्चीवरच्या टाकीचं पाणी, गॅस गीझर. आटे जुळतील का?
– मेधा

मेधाताई,
आटे जुळतात. इथला अर्धा इंची एनपीटी (अमेरिकी मापाचे आटे), तिकडचा बीएसपी (ब्रिटिश मापाचे). दोन्हींत इंचाला १४ आटे. कोन तेवढा वेगळा, ६० आणि ५५ अंश. म्हणून टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे द्या आणि हातानेच आवळा. पान्याने जोर लावलात तर प्लास्टिकचा गळा चिरतो.

घोडं अडतं दाबावर. १.८ गॅलन, म्हणजे मिनिटाला ६.८ लिटर, हा आकडा ८० पीएसआय दाबाचा, म्हणजे साडेपाच बारचा. टाकीतलं पाणी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो, तेव्हा पदरात पडतात दीड-दोन लिटर. एवढ्यावर गीझरचा डायफ्रॅम (पाण्याच्या जोराने सरकणारा पडदा) सरकत नाही, बर्नर पेटत नाही आणि घरचे बिचारे सेल बदलत बसतात.

गळ्यातली जाळी काढली की मागे प्रवाह अडवणारी प्लास्टिकची चकती असते, ती टाचणीने निघते. पण शॉवरची भोकंच बारीक, फार फरक पडायचा नाही. त्यात बोअरचं पाणी असेल तर क्षार आहेतच; शॉवरचं डोकं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवायची तयारी ठेवा.

वरच्या मजल्यावर बादलीच बरी. २० लिटरमध्ये आंघोळ आटोपते. इथल्या शॉवरखाली पाच मिनिटांत ३४ जातात.
– श्रीकांत

श्रीकांतराव,
हिशेब बरोबर, पण तो वरच्या मजल्याचा. त्याच टाकीखाली दहा मजले उतरा, दाब तीन बारच्या आसपास. मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर हाच शॉवर मिनिटाला पाच लिटर देईल. झकास चालेल.

मेधाताई, बॅग भरण्याआधी घरच्यांना सांगा: शॉवरचं डोकं काढून नळी बादलीत सोडा, बरोबर दहा सेकंद. जमलेलं पाणी लिटरच्या मापाने मोजा, सहाने गुणा. उघड्या नळीतूनच मिनिटाला सहा लिटर येत नसतील तर शॉवर इथेच राहू द्या. मोजताना टाकी अर्धी रिकामी असू दे. भरल्या टाकीचा आकडा फसवतो.
– अनघा