मदत हवी आहे: ऑफिसच्या जागेतला हिस्सा, खरा परतावा किती?

बाबांनी निवृत्तीच्या पैशातून 2021 मध्ये खराडीतल्या एका ऑफिसच्या जागेत 25 लाख गुंतवले. हातात आहेत ती जागा ज्या कंपनीच्या नावावर आहे, तिचे शेअर आणि डिबेंचर (कंपनीला दिलेल्या कर्जाचे रोखे). खरेदीखत त्यांच्या नावावर नाहीच, हे मला आत्ता कळलं. भाडेकरू गेला तेव्हा सात महिने एक रुपया आला नाही. तरी कंपनीच्या अहवालात परतावा 11 टक्के! त्यात न विकलेल्या जागेची वाढीव किंमत धरली आहे. मुद्दल तेवढंच धरून मी एक्सेलमध्ये एक्सआयआरआर (पैसे कोणत्या तारखेला गेले-आले ते धरून निघणारा वार्षिक परतावा) काढला, तर जेमतेम साडेपाच येतो. माझी पद्धत बरोबर आहे ना?

आता कंपनीवाले सेबीच्या 2024 च्या नियमांप्रमाणे एसएम रीटमध्ये (अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या जागांत गुंतवणारी, सेबीकडे नोंदलेली छोटी योजना) जायला बाबांची संमती मागताहेत. सही करण्याआधी कोणती कागदपत्रं मागून घेऊ? आणि कमिशनवर नाही, ठरावीक फीवर काम करणारा सेबी-नोंदणीकृत सल्लागार पुण्यात कसा शोधलात? बाबांना रात्री झोप लागत नाही हो.