टाकीवर नावं दोन, पण टाकी कोणाची? (चर्चा)

फुटाळ्याचा_पोट्टा
परवा काटोल रोडनं एका लग्नाला गेलो होतो. तिकडच्या एका गावात पाण्याची उंच टाकी आहे, तिच्यावर 'महाराष्ट्र जीवन प्राधिकरण' असं निळ्या रंगात लिहिलंय आणि पोपडे निघाल्यामुळे खालचं जुनं नावही दिसून राह्यलं, '...व जलनिस्सारण मंडळ'. सोबतच्या पोराला विचारलं टाकी कोणाची, तो म्हणे सरकारची. आता सरकारची म्हणजे नेमकी कोणाची, इथंच तर सगळा घोळ आहे.

आधी हे काम सरकारचंच पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंगवालं खातं करायचं. मग १९७६ च्या कायद्यानं पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ आलं. तेव्हा असं मंडळ काढायची लाटच होती, तामिळनाडूनं १९७१ ला काढलं, युपीनं १९७५ ला जल निगम काढला. कारण साधं होतं, खात्याला स्वतःच्या नावावर कर्ज काढता येत नाही, मंडळाला येते. एलआयसीकडून पैसा घ्या, योजना बांधा, पाणीपट्टीतून फेडा. १९९७ ला नाव बदलून जीवन प्राधिकरण झालं. पाटी बदलली, हिशोब तोच राह्यला. बांधणारा एक, चालवणारा दुसरा, धरण तिसऱ्याचं. माझं स्पष्ट मत आहे, एक तर प्राधिकरणाला पूर्ण मालक करा नाही तर बंद करा. नागपूर शहराचं काय अडलं त्यांच्यावाचून? नगरपालिका १८६४ ची, अंबाझरी तलावाचं पाणी १८७० पासून, नंतर गोरेवाडा तलाव, मग कन्हान नदी, मग पेंच नदी. मंडळ जन्माला यायच्या शंभर वर्षं आधीपासून आपण आपलं पाणी पिऊन राह्यलो.

निवृत्त_अभियंता
भाऊ, बंद करा म्हणणं सोपं आहे. मी आयुष्यभर हेच काम केलं म्हणून थोडं लांब लिहितो, सहन करा.

नागपूरचं उदाहरण देऊच नका. एकेकाळी राजधानी असलेलं शहर, स्वतःचे इंजिनिअर, स्वतःचा पैसा. पण एखाद्या लहान नगर परिषदेत पाण्याचं काम पाहायला अख्ख्या ऑफिसात एक जण असतो, आणि त्याच्याकडेच रस्ते नि दिवे पण असतात. तो तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून टाकी, फिल्टर, पाइपचा व्यास काढेल? ते डिझाइन आम्हीच करून दिलं.

दुखणं कुठं आहे ते मी सांगतो, कारण आतून पाहिलंय. योजनेच्या खर्चावर साडेसतरा टक्के आस्थापना खर्च धरायचे आणि त्यातून पगार. म्हणजे नवीन काम निघालं तर घर चालणार. आता मला सांगा, गळकी पाइपलाइन दुरुस्त करण्यात कोणाचा जीव रमणार? पंचवीस लाखांच्या दुरुस्तीवर साडेसतरा टक्के किती आणि पंचवीस कोटींच्या नव्या योजनेवर किती, तुम्हीच करा हिशोब. माणसं वाईट नव्हती हो, पगाराची वाटच तशी आखलेली होती.

त्यात घटनादुरुस्ती झाली, पाणी स्थानिक संस्थांकडे गेलं. मग २००३ पासून जलस्वराज्य, जागतिक बँकेचा पैसा, गावानं दहा टक्के वर्गणी भरायची आणि गावच्या समितीनं योजना राबवायची. २०१९ ला जलजीवन मिशन, माणशी रोज ५५ लिटर. दर वेळी वरून नवीन नाव येते आणि खाली तोच व्हॉल्व्हमन.

अमरावतीची_लेक
काकाजी, माझं माहेर अमरावतीचं. तिथं शहराचं पाणी प्राधिकरणच चालवते, महापालिका नाही. अप्पर वर्धा धरणातून, सिंभोऱ्याहून येते. बिल पण त्यांचंच. त्यामुळे 'पूर्ण मालक करा' वाल्या दादांना सांगते, तसं करून झालंय, आमच्याकडेच झालंय! आणि तोटा काय तर नगरसेवकाला पाण्याचं विचारलं की तो म्हणतो वहिनी ते आपल्याकडे नाही. मत त्याला द्यायचं आणि तक्रार दुसरीकडे करायची.

फुटाळ्याचा_पोट्टा
हा मुद्दा मान्य. पण नगरसेवकाच्या हातात पाणी दिल्यावर दर वाढवायची हिंमत कोण करते ते पण सांगा ना ताई.

बेसावाला
तुमचं चालू द्या बाप्पा. आम्ही शहराच्या हद्दीला लागून राहतो, फ्लॅट घेतला तेव्हा 'पाणी येऊनच राह्यलं' असं सांगितलं होतं, आता सोसायटीत टँकरचा वेगळा हिशोब ठेवायला एक वही केली आहे, वॉचमन दर खेपेला त्याच्यात रेघ मारते, महिना संपला की रेघा मोजायच्या. नाव कोणाचं घेत नाही. ज्याला विचारलं त्यानं समोरच्याचं ऑफिस दाखवलं.

आणि शहरवाल्यांनी जास्त उड्या मारू नका. तुमच्याकडे पण आता महापालिका, तिची एक कंपनी, आणि त्याखाली मार्च २०१२ पासून पंचवीस वर्षांचा करार असलेला खाजगी ऑपरेटर, अशी तीन मजली बिल्डिंग आहे. २४ तास पाण्याची योजना ना? मग २०१९ च्या जुलैत एक दिवसाआड काऊन आलं होतं? पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण आटलं होतं म्हणून. पाऊस नाही आणि वर मध्य प्रदेशात त्याच नदीवर चौराईला धरण. नदीत पाणीच नसेल तर मंडळ म्हणा, प्राधिकरण म्हणा, कंपनी म्हणा, नळातून हवाच येणार.

निवृत्त_अभियंता
बेसावाले बरोबर बोलले. पेंच प्रकल्प जलसंपदा खात्याचा. त्यावर सिंचन आहे, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत आणि नागपूरची तहान पण आहे. शहरानं आपल्या बाजूनं केलं ते एवढंच, की उघड्या कालव्यातून येणारं पाणी बंद पाइपातून आणलं, त्यानं गळती नि चोरी कमी झाली. पण धरणाचं दार कोणी उघडायचं हे पाणी पाजणाऱ्याच्या हातात कधीच नव्हतं. १९७६ च्या मंडळाच्या पण नाही.

अमरावतीची_लेक
मग बंद करायचं की ठेवायचं, ते सांगा ना काकाजी 😄

निवृत्त_अभियंता
ठेवायचं. पण पगार टक्क्यावर नाही, सरळ सरकारी तिजोरीतून. आणि योजना बांधली की पाच वर्षं ज्यानं बांधली त्यानंच चालवायची, मगच हस्तांतरण. मोटर जळली की कळेल कुठलं टेंडर स्वस्त पडलं ते. पोट्टा भाऊ, तुम्ही त्या गावात विचारा, टाकीच्या हस्तांतरणावर ग्रामपंचायतीची सही झाली का. नव्वद टक्के भांडण त्या एका कागदात असते.

फुटाळ्याचा_पोट्टा
विचारलं जी. लग्नवाल्या घरच्यांकडून सरपंचांचा नंबर घेतला. म्हणे टाकी आमचीच आहे, कागद पण आहे, पण व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी जुन्या व्हॉल्व्हमनच्या घरी आहे आणि तो पोराकडे पुण्याला गेला आहे. दोन आठवडे झाले, पाइपाचा पाना लावून काम चालू आहे.