सीमेवरचं रान: देशांनी मिळून राखावं की ज्याचं त्याने?

रानवाट
हत्तीला पाणी कुठे आहे ते कळतं, देशाची हद्द कळत नाही. अंगोला, बोट्सवाना, नामिबिया, झांबिया आणि झिम्बाब्वे यांनी २०११ मध्ये करार केला आणि 'काझा' (कवांगो-झांबेझी) हे सुमारे ५,२०,००० चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र मिळून सांभाळायला घेतलं. २०२२ मध्ये पाचही देशांनी एकत्र हवाई गणना केली, अंदाज निघाला सुमारे २,२७,९०० हत्तींचा. ज्याने त्याने आपापल्या वेळी मोजलं, तर नदी ओलांडणारा कळप दोनदा तरी मोजला जातो किंवा सुटतो तरी. सीमेलगतचं रान एकट्या देशाला राखता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाणवठा
असहमत. नकाशा जोडला की माणसं अडचणीत येतात. मोझांबिक, दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वे यांची सीमेलगतची राष्ट्रीय उद्यानं जोडणारा ग्रेट लिम्पोपो करार २००२ चा. त्यात मोझांबिकच्या बाजूला शिंग्वेद्झी नदीकाठी हजारो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना उठवायचं ठरलं. करारावर सह्या करताना त्यांना कोणी विचारलं होतं? शिवाय दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या मोझांबिककडच्या हद्दीवरचं काही कुंपण काढलं गेलं, आणि २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले. त्यातले बहुतेक क्रुगरमधलेच.

पाऊलखुणा
विस्थापनाबद्दल पूर्ण सहमत, तो अन्यायच. पण गेंड्यांचं खापर कुंपण काढण्यावर फोडू नका. शिंगाला भाव आला की शिकारी कुंपण कापूनही येतो. तो पळून पलीकडे गेल्यावर त्याला पकडणारं कोणी तिथे हवं, आणि भागीदारी नेमकी त्यासाठीच लागते.
विरुंगाचे डोंगरी गोरिला बघा. रवांडा, युगांडा आणि काँगो, तिघांच्या हद्दी एकाच ज्वालामुखी-रांगेत भिडतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते, २०१५-१६ च्या गणनेत ६०४ मिळाले. मधल्या काळात युद्धं झाली, सरकारं एकमेकांवर संतापलेली होती. तरी तिन्हीकडच्या वनरक्षकांनी आपसातला संपर्क तुटू दिला नाही. किती रक्षकांनी तिथे जीव गमावला! मला कागदावरच्या करारापेक्षा ही माणसं मोठी वाटतात.

पाणवठा
गोरिलांचं मान्य. पण तो लहानसा प्रदेश, आणि गोरिला बघायला पर्यटक भरपूर पैसे मोजतात. हत्ती एका रात्रीत वर्षाचा मका संपवतो, त्या शेतकऱ्याच्या हातात काय पडतं?

सांजवेळ
हा प्रश्न नामिबियाने आधी घेतला. १९९६ च्या कायदा-दुरुस्तीने सामूहिक जमिनीवरच्या गावकऱ्यांना संघटित होऊन वन्यजीवांपासून उत्पन्न मिळवण्याचा हक्क दिला. नुकसान त्याने भरून निघतं असं नाही, पण जनावर जिवंत राहण्यात गावाचा वाटा तयार होतो. म्हणून रानवाट, सुरुवात गावापासून करा. देशांचा करार नंतर.

रानवाट
गावाचा हक्क आधी, हे मी मान्य करतो. माझ्या मांडणीत ते राहून गेलं होतं. पण नामिबिया-बोट्सवाना हद्दीवरच्या तारांच्या कुंपणाने हत्तींच्या जुन्या वाटा अडतात. ते कुंपण कुठल्याही गावाला काढता येणार नाही. ते दोन सरकारांनीच बसून ठरवायला हवं.

पाणवठा
ती कुंपणं गुरांना लाळ्या-खुरकूत होऊ नये म्हणून घातली आहेत. रानम्हशींकडून रोग आला की मांसाची निर्यात बंद पडते. वाट मोकळी करा, पण त्या गुराख्याचं नुकसान कोणता देश भरून देणार, हे करारात आधी लिहा. ते लिहिलंत तर मी तुमच्या बाजूने.