नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पायथ्याशी अकरा मजल्यांची स्कीम : आम्ही हरकत का घेतली

अंबाझरीकाठी :
परवा कुणीतरी लिहिलं, "अंबाझरीच्या आसपासचे म्हातारे पाच-पाच हजार फुटांच्या प्लॉटवर दोघं-दोघं राहतात आणि शेजारी फ्लॅट स्कीम आली की हरकती घेतात. शहराचा मधला भाग यांनी अडवून ठेवला आहे." खाली शंभरावर लोकांनी शाबासकी दिली. मी त्याच म्हाताऱ्यांपैकी एक. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. दोनच्या सुमारास पावसानं जोर धरला. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला आणि तलाव ओसंडला. साडेतीनला मी पलंगावरून पाय खाली टाकला तर घोट्यापर्यंत पाणी. चारला कमरेपर्यंत. हिला धरून जिना चढलो आणि उजाडेस्तोवर गच्चीवर भिजत बसलो. खाली सिलिंडर भिंतीवर आदळत होता, तो आवाज अजून कानात आहे. पाणी उतरल्यावर स्वयंपाकघरात गेलो तर तांदूळ फुगून डब्यांची झाकणं वर आली होती. गाळाचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. सरकारची दहा हजारांची मदत मिळाली, ती गाळ काढणाऱ्या मजुरांना आणि इलेक्ट्रिशियनला पुरली.

आता घरापासून तिसऱ्या प्लॉटवर अकरा मजले येत आहेत, खाली तळघरात पार्किंग. तिथे आधी एक बंगला होता आणि मागे आंबा, चिंच, मोकळी माती. पाणी तिथे मुरायचं. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत चारपर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचं धोरण आहे. सुभाषनगर, धरमपेठ कॉलेज, एलएडी चौक ही स्टेशनं कुठे आहेत ते पाहा आणि त्या पहाटे पाणी कुठून गेलं ते पाहा. दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात. माणसं यायला माझी ना नाही. नाल्याची रुंदी तीच, गटार तेच, तलावाचं जादा पाणी सोडणाऱ्या सांडव्याखालची वाट तीच आणि वर चौपट बांधकाम, हे मला पटत नाही. एवढीच हरकत आहे.

बेसा ते बर्डी :
काका, ती पोस्ट माझ्या मित्राची होती, पण त्यातला शब्दन् शब्द माझा समजा. मी बेसाला भाड्यानं राहतो, नोकरी शंकरनगरला. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर रोज, मे महिन्यात टू-व्हीलरवर. मेट्रो आमच्याकडे येत नाही. नळ नाही, टँकर आहे. माझ्या पगारात धरमपेठेत एक खोली मिळत नाही, कारण जी जागा आहे तिच्यावर बंगले आहेत. तुमच्या वडिलांना नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) प्लॉट लीजवर मिळाला तेव्हा तिथेही आधी शेतं, बांध, नाले असतीलच. तेव्हा पाणी कुणाला आठवलं नाही. आता आमची पाळी आली तर पाणी आठवतं.

आणि गच्चीचं म्हणाल तर तुम्हाला गच्ची होती. नाग नदीच्या काठच्या झोपडपट्टीत त्या पहाटे लोकांना पत्र्यावर चढावं लागलं.

अंबाझरीकाठी :
हे लागलं मला. त्या लोकांचं दुःख मी नाकारलेलं नाही. पण माझ्या हरकतीचं उत्तर म्हणून ते माझ्या तोंडावर मारू नका. वरच्या प्लॉटवर मुरायचं बंद झालेलं पाणी शेवटी त्यांच्याच पत्र्यापर्यंत जातं.

हनुमाननगर जुना :
राजेहो, तुम्ही मजले मोजून राहिले अन् पाणी कुठून घरात घुसून राहिलं ते कोणी पाहून नाही राहिलं. सिमेंट रस्ते! आमच्या गल्लीत आधीचा डांबरी रस्ता खोदलाच नाही, त्याच्यावरच सिमेंट ओतलं. पूर्वी फाटकातून एक पायरी उतरून रस्त्यावर जायचो, आता एक पायरी चढून जातो. एवढा पाऊस नाही आला तरी अंगणात पाणी. मी स्वतः पैसे घालून फाटकाला उंबरठा बांधला, तर पाणी मोरीतून उलटं वर आलं. आमच्याकडे ना तलाव आहे, ना अकरा मजले.

मजला पाचवा :
मी आधी लक्ष्मीनगरला आमच्या बंगल्यात राहत होते, आता त्याच जागेवर स्कीममध्ये पाचव्या मजल्यावर राहते. प्लॉट बिल्डरला मीच दिला. अंबाझरीकाठी यांनी ऐकावं म्हणून सांगते. यांना पक्षाघात झाला तेव्हा झोपायची खोली वर होती. चौघांनी खुर्चीतून उचलून खाली आणलं आणि मग दोन वर्षं ते बैठकीच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर पडून होते. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला. बागेला माळी मिळेना, रात्री कुत्रं भुंकलं तरी छातीत धस्स व्हायचं. आज लिफ्ट आहे, खाली चौकीदार आहे, समोरच्या दारात नांदती माणसं आहेत. दुसरा फ्लॅट भाड्यानं दिला आहे, त्यात औषधं भागतात. लोक म्हणाले घर विकून खाल्लं. खाल्लं तर खाल्लं. तुमच्या हरकतीमुळे उद्या एखाद्या बाईची स्कीम दोन वर्षं अडली तर तिचं काय होतं, ते तुम्हाला दिसत नाही.

अंबाझरीकाठी :
ताई, तुमच्या घरापाशी सांडवा नाही. बाकी तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. हिचे गुडघे मला रोज दिसतात.

नकाशे पाहणारा :
तीस वर्षं नकाशे काढण्यात गेली, म्हणून थोडं बोलतो. मजले जास्त म्हणजे पाणी जास्त, हा हिशेब बरोबर नाही. पाऊस जमिनीवर पडतो, अकराव्या मजल्यावर अकरा वेळा पडत नाही. खरं पाहायचं ते जमीन किती झाकली आणि जोतं किती उचललं. चार मजल्यांची स्कीम आवारभर पेव्हर ब्लॉक लावते ती अकरा मजल्यांपेक्षा वाईट. तळघराबद्दल मात्र मी काकांच्या बाजूचा. तलावाच्या खालच्या अंगाला तळघर खणायचं आणि जन्मभर पंप चालवायचा, हे शहाणपणाचं नाही.

आता पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत नवं बांधकाम नको. निळ्या आणि लालच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या दीड फूट वर ठेवून. खरी गोम इथे आहे. नवी इमारत मुरमाचा भराव टाकून वर जाते, तिच्यापुरती सुटते. शेजारची जुनी घरं खड्ड्यात राहतात. नियमानं प्रत्येक प्लॉट स्वतःपुरता पाहिला आहे, गल्ली कुणीच पाहिली नाही.

हनुमाननगर जुना :
हेच तर मी बोलून राहिलो! गल्ली कोणी नाही पाहिली. रस्ता वर, स्कीम वर, आम्ही खाली.

माहेर अलिबाग :
माझं माहेर समुद्राकाठचं, सासर नागपूर. आमच्याकडे हीच भांडणं दुसऱ्या शब्दांत चालतात. किनाऱ्याला १९९१ पासून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध आहेत, भरतीरेषेपासून मोजून. तरी २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांपुरती ना-विकास पट्ट्याची मर्यादा २०० मीटरवरून ५० वर आली. गावातले लोक वाड्यांत टोलेजंग इमारती नकोत म्हणतात, आणि त्याच गावची पोरं घर मिळत नाही म्हणून पनवेलला जातात. दोघंही माझ्याच घरातले आहेत, भाऊ एकीकडे आणि काका दुसरीकडे. पण तिथे निदान रेषा कुठे आहे यावर तरी भांडता येतं. अंबाझरीच्या खाली रेषा नेमकी कुठून जाते ते इथल्या किती जणांनी नकाशावर पाहिलं आहे?

बेसा ते बर्डी :
मी पाहिलेली नाही. पण मला हे सांगा, पुतळ्याचं काय? सांडव्याच्या तोंडाशी विवेकानंदांचा पुतळा उभा केला, त्यावरून प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं. पाण्याची वाट सरकारी कामांनी अडवली आणि शिक्षा माझ्यासारख्या घर शोधणाऱ्याला? बिल्डरविरुद्ध हरकत घेणं सोपं आहे, म्हणून ती घेतली जाते.

अंबाझरीकाठी :
त्या प्रकरणात अर्ज घेऊन फिरणारे आमच्याच भागातले रहिवासी होते. जरा माहिती घेऊन बोलत जा.

बेसा ते बर्डी :
मग ते आधी सांगायचं होतं ना. बरं, हे मला ठाऊक नव्हतं. मानलं.

धरमपेठ मागची गल्ली :
पाण्याचं बाजूला ठेवा, गाड्यांचं बोला. आमच्या शेजारच्या स्कीममध्ये चोवीस फ्लॅट आणि खाली बारा गाड्यांची जागा. बाकी बारा माझ्या फाटकासमोर. रात्री अँब्युलन्स आत येत नाही. माझ्या सासऱ्यांना स्ट्रेचरवर कोपऱ्यापर्यंत न्यावं लागलं.

हनुमाननगर जुना :
गाड्यांचं नंतर, भाऊ. आधी रस्त्याच्या लेव्हलचं होऊ द्या. झाडांचंही तेच. हरित लवादानं झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा सोडा म्हटलं आहे, आमच्या कडुनिंबाच्या गळ्यापर्यंत सिमेंट भरलं आहे. मी छिन्नी घेऊन स्वतः फोडलं, तर माझ्यावरच ओरडले.

बेसा ते बर्डी :
काहून ओरडले? चांगलं काम केलं तुम्ही.

हनुमाननगर जुना :
सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणे. त्या दिवशी मी रात्रीचं जेवलो नाही.

नकाशे पाहणारा :
तुमचा रस्त्याचा मुद्दा मी आधी आडफाटा समजलो होतो. तो आडफाटा नाही. जुना थर खरवडून काढला असता तर लेव्हल तीच राहिली असती. खरवडायला खर्च येतो, म्हणून वर चढवत जातात. पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पाणी मुरवायची सोय सक्तीची आहे, पण कितीतरी ठिकाणी तो खड्डा नकाशातच राहतो. काकांनी हरकतीत 'अकरा मजले नकोत' हे लिहू नये. सुनावणीत ते टिकत नाही. तळघर नको, आवारातला इतका भाग उघडी माती, मुरवणीचा खड्डा ताबा देण्याआधी उघडून दाखवा, आणि गल्लीच्या सगळ्या फाटकांच्या लेव्हल नकाशावर, असं मागा.

अंबाझरीकाठी :
आमच्या कागदावर पहिलंच वाक्य 'अकरा मजले नकोत' असं आहे. सतरा जणांच्या सह्या झाल्या आहेत. आता परत प्रत्येकाकडे जायचं म्हणजे कठीण आहे. त्यातल्या चार-पाच जणांना खरोखर मजल्यांचाच राग आहे, खिडकीतून आत दिसेल म्हणून. हे मी इथे कबूल करतो, त्यांना आवडणार नाही.

बेसा ते बर्डी :
तेच माझं म्हणणं होतं पहिल्यापासून.

अंबाझरीकाठी :
चार-पाच जणांचं म्हणणं होतं. माझं नव्हतं. तुमच्यासाठी अकरा मजले व्हायला हरकत नाही, पण त्यात तुमच्या पगारात बसणारा एक तरी फ्लॅट असेल का, ते त्या स्कीमच्या ऑफिसात जाऊन विचारून या.

बेसा ते बर्डी :
विचारलं आहे. नाही बसत. बुकिंगची रक्कमसुद्धा नाही बसत. पण बांधलंच नाही तर कधीच बसणार नाही, एवढं मी समजतो. आणि घरं कमी पडली की माझं बेसाचं भाडं वाढतं, तेही समजतो.

मजला पाचवा :
अंबाझरीकाठी, नवा कागद केलात तर मला पाठवा. तळघराच्या मुद्द्यावर मी सही देईन. मजल्यांच्या वाक्यावर देणार नाही.

अंबाझरीकाठी :
ते वाक्य काढतो. मनाविरुद्ध काढतो आहे, पण काढतो. रविवारी टेप घेऊन आमच्या गल्लीतली फाटकं मोजणार आहे, कुणी हाताशी असेल तर बरं.

हनुमाननगर जुना :
मी आत्ताच पट्टी घेऊन आमचं मोजून आलो. मी आपला फूटभर धरून चाललो होतो. एकोणीस इंच आहे.