खांदशेकणीत हात कुठे फिरतो ते पाहा
‘मनात भाव असला की पुरे, विधी नुसता देखावा’ असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आपल्याकडची खांदशेकणी घ्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा कोमट पाण्यानं धुवायचा, पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं अन् म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” जू बसतं नेमकं तिथंच हात फिरतो. डवरणीत, म्हणजे पिकाच्या ओळींमधून डवरा (कोळपं) ओढताना, आलेली सूज, सोललेली कातडी, केसांखालची बारीक गाठ बोटांनाच कळते, लांबून दिसत नाही. गाठ लागली तर खांदा बरा होईस्तोवर तो बैल जुवाला लावू नये. नुसतं हळदीचं बोट टेकवून फोटो काढला तर ती गाठ तशीच राहते.

पण नुसत्या मायेनंही घात होतो. कौतुकानं पुरणपोळ्या, कणकेचे उंडे भरपूर चारले की ते पोटात आंबतात, रवंथ थांबतो, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. नैवेद्याची एखादी पोळी द्या, पोट वैरणीनंच भरा. शिंगांना ऑइलपेंट नको, गेरू चालतो.