युद्धाने अमेरिकी कामगारांचे बळ वाढवले की घटवले?

मूळ मत:
अमेरिकेतील कामगार संघटना दुसऱ्या महायुद्धामुळे बलाढ्य झाल्या, असे सर्रास लिहिले जाते. मला ते मान्य नाही. सामूहिक वाटाघाटींचा, म्हणजे संघटनेमार्फत मालकाशी वेतन व अटी ठरवण्याचा, हक्क १९३५ च्या वॅग्नर कायद्याने दिला, आणि तो प्रत्यक्षात पदरात पाडून घेतला तो मिशिगनमधील फ्लिंट शहराच्या कामगारांनी, १९३६-३७ च्या हिवाळ्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यांत ४४ दिवस ठाण मांडून. पर्ल हार्बरवरील हल्ल्याने अमेरिका युद्धात उतरल्यानंतर मात्र संघटनांच्या नेत्यांनी युद्धकाळात संप न करण्याचे वचन दिले, आणि १९४२ मध्ये सरकारच्या युद्ध श्रम मंडळाने जानेवारी १९४१ च्या वेतनापेक्षा १५ टक्के जास्त ही वेतनवाढीची मर्यादा घातली. सभासद लाखोंनी वाढले हे खरे, पण संपाचा हक्क बाजूला ठेवून मिळालेल्या वाढीला मी बळ म्हणणार नाही.

प्रतिसाद १:
आपण वॅग्नर कायद्याचा गौरव करता, पण त्यातून कोण वगळले गेले ते सांगत नाही. शेतमजूर आणि घरकामगार त्या कायद्याबाहेर राहिले, १९३८ च्या किमान वेतन कायद्याबाहेरही राहिले. आणि दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते. त्यांच्यासाठी कारखान्याचे दार उघडले ते युद्धाच्या तयारीने. १९४१ मध्ये कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील वर्णभेदाला मनाई करणारा आदेश काढला. शस्त्रनिर्मितीची निकड नसती, तर त्या इशाऱ्याची दखल इतक्या तातडीने घेतली गेली असती, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २:
खरा घाव युद्धानंतरचा आहे. १९४६ च्या प्रचंड संपलाटेनंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून टाफ्ट-हार्टली कायदा आला आणि संघटनेच्या सक्तीच्या सभासदत्वावर बंदी घालण्याची मुभा राज्यांना मिळाली. टेनेसीने त्याच वर्षी तसा कायदा केला. पुढे १९८० च्या दशकात निस्सानने याच राज्यातील स्मर्ना येथे कारखाना उभारला आणि तेथील कामगारांनी २००१ मध्ये संघटनेविरुद्ध कौल दिला. परकीय गुंतवणुकीने त्या भागाला रोजगार दिला, हे मी नाकारत नाही. परंतु संघटना नसलेले असे कारखाने उभे राहिल्याने डेट्रॉइट या जुन्या मोटार उद्योगाच्या शहरातील संघटित कामगाराची वाटाघाटीतील ताकद कमी झाली. टेनेसीतीलच चॅटनुगा येथील फोक्सवॅगनच्या कामगारांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला तो थेट २०२४ मध्ये.

मूळ लेखकाचे उत्तर:
वगळलेल्या कामगारांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. पण रँडॉल्फ यांच्या उदाहरणातून मला माझेच म्हणणे दिसते: आदेश निघाला तो मोर्चाच्या धाकाने, आणि मोर्चा मागे घेताच तो धाक सरला. त्या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या समितीचा निधी अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) युद्ध संपत येताच आटवला, आणि १९४६ मध्ये ती बंद पडली.